क्रोशाचा रुमाल चौकोनी होतच नाहीये!

गुंता_सम्राज्ञी: नमस्कार मंडळी, क्रोशा नुकताच शिकायला घेतलाय. साखळी जमते, मुका खांब (बुटका टाका) पण जमतो, पण खांबांचा (उंच टाक्यांचा) चौकोन करायला गेलं की २० खांबांचे पाच ओळींत १५ होतात आणि रुमालाचा समोसा होतो. शिवाय पहिल्या साखळीत सुई घुसतच नाही, अक्षरशः खुपसावी लागते. आईची जुनी स्टीलची बारीक सुई आणि पांढरा दोरा वापरतेय.

आधी_उसवा: वळताना तीन साखळ्या घालतेस ना, त्याच नव्या ओळीचा पहिला खांब. त्यामुळे त्यांच्या बुडाशी परत खांब नाही घालायचा, पुढच्यापासून सुरू. आणि ओळ संपताना मागच्या ओळीच्या त्या तीन साखळ्यांच्या टोकावर एक खांब घालायचाच, ते टोक खांबासारखं दिसत नाही म्हणून बहुतेकांचा तिथेच सुटतो. वळल्या वळल्या तिसऱ्या साखळीत सेफ्टी पिन अडकवून ठेव आणि दर ओळीला मोज, कंटाळा आला तरी.

लोकरमावशी: अगं आधी तो बारीक दोरा ठेवून दे बाई! फिकट रंगाची मध्यम जाड लोकर आणि ४ एमएमची सुई आण, टाके डोळ्यांना दिसले तर पाहिजेत. काळी किंवा केसाळ लोकर अजिबात नको, उसवताना रडशील. साखळी आवळली जाते कारण तुझा फास सुईच्या आकड्याजवळच्या निमुळत्या भागावर बसतोय, तो मागे दांड्यावर घे आणि मग पुढचा ओढ. तरी नाहीच जमलं तर नुसती साखळी ५ च्या सुईने घाल, वरचं सगळं ४ ने.

आधी_उसवा: +१. आणि व्हिडिओ बघून करत असशील तर बाई अमेरिकन पद्धतीने बोलतेय की ब्रिटिश ते बघ, अमेरिकन सिंगल क्रोशे म्हणजे ब्रिटिश डबल, दोन्ही आपला मुका खांबच.

गुंता_सम्राज्ञी: टोक सापडलं!! कडा सरळ आल्या, थँक्यू गं. आता मुक्या खांबांचं गोल कोस्टर करतेय तर त्याची वाटी होतेय 😭

लोकरमावशी: पहिल्या फेरीत ६, मग १२, १८, २४, दर फेरीत सहाच वाढवायचे पण सारख्या अंतरावर. वाटी झाली म्हणजे वाढ कमी पडतेय, कडेला झालर यायला लागली तर जास्त होतेय. ती वाटी उसवू नकोस हं, तशीच वाढ न करता फेऱ्या घालत गेलीस तर बाहुलीचं टोपडं होईल.