उत्तर: पुरावा नेहमी कामगारानेच द्यायचा नसतो

भरपाई मागणाऱ्यांबद्दल वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की आजार कामामुळेच झाला हे कामगारालाच सिद्ध करावं लागतं. नेहमी नाही. 1923च्या कामगार भरपाई कायद्याच्या (नोव्हेंबर 2025मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) तिसऱ्या परिशिष्टात, भाग ‘ब’मध्ये, किरणोत्सर्गाचे आजार होते. एकाच मालकाकडे किरणोत्सर्गाच्या कामावर सलग सहा महिने झाले असतील, तर आजार कामामुळे झाला नाही हा पुरावा मालकाने द्यायचा असे. पण इथे बडोद्यात वेल्डिंगचे जोड इरिडियम-192 या किरणोत्सर्गी पदार्थाने तपासणारी पोरं सारखी ठेकेदार बदलतात. सहा महिने भरायचे नाहीत आणि पुराव्याचं ओझं पुन्हा त्यांच्याच गळ्यात पडायचं! कॅन्सर तर कितीतरी वर्षांनी उगवतो. म्हणून टीएलडी बॅजच्या (अंगावर किती किरणोत्सर्ग पडला ते मोजणारा बिल्ला) डोसची नोंद हवीच. 2004च्या अणुऊर्जा (किरणोत्सर्ग संरक्षण) नियमांनुसार मालकाने ती दरवर्षी, मागितल्यावर आणि नोकरी सोडताना द्यायची असते. भावांनो, शेवटचा पगार घेतानाच ती लेखी मागा.