घरच्या संगणकासाठी परवडणारा प्रोसेसर कोणता?

प्रश्न (म्हापसा): मुलीचा अभ्यास, कार्यालयीन कामे आणि थोडेफार फोटो-संपादन यांसाठी संगणक जुळवून घ्यायचा आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड परवडणार नाही. कोणता प्रोसेसर घ्यावा?

उत्तर (फोंडा): रायझन ५ ५६००जी पाहावा. त्यात ६ कोअर (एकाच वेळी स्वतंत्रपणे काम करणारे भाग) असून ग्राफिक्स (पडद्यावर चित्र दाखवणारा भाग) अंगभूत आहे, आणि ते संगणकाची मुख्य रॅम (कामचलाऊ स्मृती) वापरत असल्यामुळे १६ जीबीची एकच स्टिक बसवण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन बसवल्यास, दोन्ही एकाच वेळी वापरल्या जात असल्याने, वेगात फरक स्पष्ट जाणवतो.

उत्तर (मडगाव): इंटेलचा कोअर आय३-१२१०० हा प्रोसेसरही चांगला, मात्र नावाअखेरीस ‘एफ’ असलेला घेऊ नये, त्यात ग्राफिक्स नसते. पॉवर सप्लायमध्ये कृपया काटकसर करू नका. आपल्याकडे पावसाळ्यात वीज सारखी ये-जा करते, त्यामुळे यूपीएस हवाच.