कुत्रा-मांजरं असलेलं घर विकायचंय आणि दुसरं घ्यायचंय, कुणी केलंय का हे?

शेपूटवाली:
नमस्कार मंडळी, आमच्याकडे ९ वर्षांचा लॅब्राडॉर आणि दोन मांजरी आहेत, आताचं घर पुरेना झालंय म्हणून हे विकून मोठं बघतोय. काल एजंट आला, दारात पाय ठेवला न ठेवला तोच म्हणाला, मॅडम घर छान आहे पण वास येतो. मला तर काहीच येत नाही! नवऱ्यालाही नाही. वर त्याचा सल्ला असा की फोटोच्या दिवशी सगळे प्राणी कुठेतरी हलवा, बघायला येणाऱ्यांना काही सांगू नका, दोन रूम फ्रेशनर लावा, विषय संपला. मला हे पटत नाहीये, पण घर पडून राहिलं तर काय ही भीती पण आहेच. बेडरूमच्या लाकडी फ्लोरिंगवर कोपऱ्यात एक डाग आहे (धाकट्या मांजरीचा पराक्रम, ती आजारी होती तेव्हाचा) आणि आतल्या दारावर कुत्र्याच्या नखांचे ओरखडे. तर वास खरंच जातो का, प्राण्यांचं सांगायचं का नाही, आणि नवीन घर बघताना काय बघायचं? आधी विकायचं का आधी घ्यायचं हा तर वेगळाच घोळ, मध्ये भाड्याने राहायची वेळ आली तर या तिघांना घरात घेणार कोण.

बोक्याचा_बाप:
वाईट वाटून घेऊ नका ताई, एजंट खरं बोलला. नाक फार लवकर सरावतं, राहणाऱ्याला स्वतःच्या घराचा वास येत नाही, सगळ्यांचंच तसं असतं. आम्ही बोक्याला भावाकडे ठेवून ८ दिवस बाहेर गेलो होतो, परत येऊन कुलूप उघडलं आणि मी बायकोकडे बघितलं, बायकोने माझ्याकडे, बास. ज्यांच्याकडे प्राणी नाहीत असा एखादा तोंडावर बोलणारा मित्र बोलवा, दारात उभा करा आणि पहिल्या श्वासाला काय वाटलं ते विचारा. पाच मिनिटांनी त्याचंही नाक कामातून जातं.

वास जातो का, तर जातो, पण पुसून नाही जात. मांजरीच्या लघवीत युरिक ॲसिड असतं, ते वाळलं की त्याचे खडे धरतात आणि ते साध्या पाण्याला साबणाला दाद देत नाहीत. म्हणून पुसल्यावर दोन दिवस बरं वाटतं आणि हवा दमट झाली की पुन्हा भपका. त्याला एन्झाइमवालं क्लीनर लागतं, आणि ते फवारून लगेच पुसायचं नाही, डाग जितका आत गेलाय तितकं आतपर्यंत मुरवायचं, बाटलीवर जेवढा वेळ लिहिलाय तेवढा ओलं ठेवायचं, जुन्या डागाला दोनतीनदा करावं लागतं. त्याआधी फिनाइल-ब्लीच वगैरे मारू नका, एन्झाइमचं कामच बिघडतं, आणि ब्लीच लघवीवर टाकलं की जो धूर होतो तो छातीला वाईट. स्टीम क्लीनर पण नको, उष्णतेने डाग पक्का बसतो. अमोनियावालं काही वापरलंत तर मांजरीला वाटतं इथे कुणीतरी केलंय आणि ती परत तिथेच करते, हे आम्ही सहा महिने करत होतो, शहाणे.

एक यूव्ही टॉर्च घ्या. रात्री सगळे दिवे बंद करून जमीन, भिंतीचा खालचा हातभर भाग, दाराच्या चौकटी, पडद्याची खालची कड बघा, जुने डाग पिवळट चमकतात. साबणाचे डाग पण चमकतात म्हणून प्रत्येक ठिकाणी वाकून वास घेऊनच खात्री करायची. सन्मानाचं काम नाही पण उपाय नाही.

तिसरा_मजला:
मी पलीकडच्या बाजूचा, म्हणजे घर घेणारा. आमच्याकडे प्राणी नाहीत, मुलाला मांजराची ॲलर्जी आहे. घर बघायला गेलो तेव्हा असाच फ्रेशनरचा घमघमाट होता, तेव्हा वाटलं काय टापटीप लोक आहेत. राहायला गेल्यावर मुलगा शिंकून शिंकून हैराण, रात्री छातीत घरघर, डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला मांजर आहे का, आम्ही म्हणालो नाही. शेवटी शेजारच्या काकूंकडून कळलं की आधीच्यांकडे तीन होती. मांजराच्या लाळेतलं आणि कातडीतलं जे प्रथिन असतं ते इतकं बारीक असतं की हवेत तरंगत राहतं, भिंतींना चिकटतं, मांजर गेल्यावरही घरात ५-६ महिने सापडू शकतं. सांगितलं असतं तर आम्ही ते घर घेतलं नसतं, किंवा घेतलं असतं आणि आधी भिंती धुऊन रंगवून मग राहायला गेलो असतो. चिडलो ते मांजरावर नाही. त्यामुळे तुमच्या एजंटला माझा नमस्कार सांगा आणि विचारणाऱ्याला सरळ सांगा, न विचारणाऱ्यालाही सांगा. आता कुठेही गेलो आणि फार छान वास आला की मी आधी खिडक्या उघडायला लावतो.

खारूताई:
+१ तिसरा मजला. त्यात पिसवांचं पण लिहा कुणीतरी. पिसवांचे कोष रिकाम्या घरात काही महिने गप्प पडून राहतात आणि कुणी चाललं की हादऱ्याने, उबेने बाहेर पडतात. म्हणजे जुने मालक शपथेवर सांगणार आमच्यावेळी काही नव्हतं, आणि नवे पहिल्याच दिवशी पाय खाजवणार. घर रिकामं केल्यावर फटीफटीतून व्हॅक्यूम मारून द्या, आणि घेताय ते घर प्राण्यांचं असेल तर तुम्हीही मारा, तुमच्या तिघांना औषध आधी लावून.

बाकी नवीन घर बघताना एकदा खरंच गुडघ्यावर बसून बघा, लोक हसतील, हसू दे. बाल्कनीच्या गजात १० सेंटिमीटर फट असली तरी मांजर आरामात बाहेर. जाळी लावू देतात का ते आधी विचारा, काही बिल्डिंगमध्ये बाहेरचं रूप बदलतं म्हणून देत नाहीत. दोन मांजरींना शी-शूचे तीन ट्रे (लिटर बॉक्स) धरले तर ते कुठे ठेवणार, सगळ्यांचं लक्ष मोठ्या हॉलकडे असतं आणि मग बॉक्स येतात पलंगाखाली. कुत्रा ९ वर्षांचा म्हणताय म्हणजे आता गुळगुळीत टाइल्स आणि जिने त्याला जड जाणार, लॅब्राडॉरना कंबरेच्या सांध्यांचा त्रास होतो हे माहितीच आहे. लिफ्ट बंद पडली तर त्याला उचलून कोण नेणार हे घर घेण्याआधी ठरवा, ३० किलो असेलच की. बाग असेल तर लिली असली तर उपटा, मांजराने नुसते पराग चाटले तरी किडनी जाते. सायकस, ते पामसारखं दिसणारं शोभेचं झाड, कुत्र्याला विषारी. आणि कपाटामागे, माळ्यावर उंदराचं औषध ठेवलंय का हे मालकाला तोंडावर विचारा, बऱ्याच जणांना स्वतःलाच आठवत नसतं.

सगळ्यात मोठं म्हणजे बिल्डिंगचे नियम लेखी मागा. मालक म्हणतो चालतं, एजंट म्हणतो चालतं, वॉचमन म्हणतो चालतं, आणि कागदावर असतं एकच प्राणी आणि तोही अमुक किलोच्या आतला. पैसे द्यायच्या आधी तुमच्या तिघांचा स्पष्ट उल्लेख असलेलं उत्तर ईमेलवर घ्या.

पोपटपंची:
थोडं अवांतर, पण कुणाकडे पक्षी असतील तर नव्या घराचा रंग वाळून वास पूर्ण जाईपर्यंत त्यांना तिकडे नेऊ नका. त्यांची फुफ्फुसं फार नाजूक असतात. आमच्याकडे बजी (छोटे पोपट) आहेत, ते दोन आठवडे आजोळी होते, आजोबा अजून विचारतात कधी पाठवताय.

शेपूटवाली:
बापरे किती लिहिलंत सगळ्यांनी, धन्यवाद. काल रात्री टॉर्च घेऊन फिरलो. एक डाग आहे असं मी वर लिहिलंय ना, सात निघाले. त्यातले दोन नवऱ्याच्या कपाटाच्या कडेला, तो म्हणे तरीच. तिसरा मजला, तुमचं वाचून रात्री झोप नाही लागली खरं सांगते. पण मग बघायला येणाऱ्या दिवशी कुत्रा घरात ठेवायचा का नाही?

निवांत:
नाही ठेवायचा. सांगणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. काही लोक घाबरतात, काही त्याच्याशीच खेळत बसतात आणि घर बघायचं राहतं, आणि रोज अनोळखी माणसं घरात फिरली की म्हातारा कुत्रा पण बिथरतो. त्याला फिरायला न्या, मांजरींना पिंजऱ्यात घालून गाडीत कुणाबरोबर तरी बसवा, कारण दार उघडं राहिलं की मांजर गेलीच. बाउल, पट्टे, अंथरुणं उचला, एसीचे फिल्टर धुवा, सोफ्याचे अभ्रे धुवा. दारावरचे ओरखडे पुट्टी आणि रंगाने जातात, किरकोळ आहे. लाकडी जमिनीचं तसं नाही, डाग खालच्या थरापर्यंत गेला असेल तर वरून काही करा, ती पट्टी काढून खालचं बघावंच लागतं, खालचं लाकूड खराब नसेल तर स्वच्छ करून शेलॅक (लाखेचा) प्रायमर मारला की वास आत बंद होतो.

आधी विकायचं का घ्यायचं याचं मी इतकंच म्हणेन की दोन्ही ताब्यांमध्ये थोडे दिवस अंतर मागून घ्या, म्हणजे नवं घर हातात आल्यावर जुनं सोडायला आठदहा दिवस मिळतील. सामान हलवायच्या दिवशी मांजरी एका बंद खोलीत, दारावर कागद चिकटवा "उघडू नका". नव्या घरात पण पहिले काही दिवस एकच खोली द्या, त्यांची जुनी न धुतलेली चादर तिथे ठेवा. बाहेर फिरणारी असतील तर २-३ आठवडे तरी सोडू नका, मांजर जुन्या घरी परत जातं, आमचं गेलं होतं, नव्या मालकांनी फोन करून सांगितलं की तुमचं कुणीतरी आलंय. मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर तिच्या नोंदणीत पत्ता-फोन हलायच्या आधीच बदला, नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही.

शेपूटवाली:
अपडेट देते. आज कोपऱ्यातल्या दोन पट्ट्या उचकटल्या, खाली प्लायवुड काळं पडलंय, सुतार सोमवारी येतोय, तेवढं कापून नवीन घालणार. एजंटला सांगितलं की जाहिरातीतच लिही की घरात कुत्रा आणि मांजरी आहेत, तो म्हणाला तुमची मर्जी, मग थोड्या वेळाने त्यानेच फोन करून सांगितलं की एक जोडपं आहे, त्यांच्याकडे पण कुत्रा आहे, रविवारी बघायला येतील. आमच्या कुत्रेसाहेबांना रविवारी बहिणीकडे ठेवणार आहे. ती तयार आहे, फक्त विचारत होती की तो सोफ्यावर चढतो का. मी म्हटलं छे, अजिबात नाही.

बोक्याचा_बाप:
म्हणजे खरेदीदाराला सगळं सांगायचं आणि बहिणीपासून लपवायचं :)