मदत हवी आहे: ऑनलाइन व्यवसायासाठी अरबी ते इंग्रजी अनुवादक

नमस्कार मंडळी,

ऑनलाइन व्यवसायासाठी अरबीतून इंग्रजी करणारा व्यावसायिक अनुवादक हवा आहे. काम तीन तऱ्हेचं आहे: पुरवठादारांचे करार, मालाची वर्णनं आणि ग्राहकांचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. करार प्रमाण अरबीत असतात, मेसेज मात्र इजिप्ती किंवा आखाती बोलीत येतात. नुसती प्रमाण अरबी येणारा तिथे हमखास अडतो, म्हणून नाव सुचवताना त्यांना कोणती बोली येते तेही लिहा.

आकड्यांबाबत फार काटेकोर माणूस हवा. अरबी लिपीतला पाच गोल असतो, आपल्या शून्यासारखा, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. स्कॅन अंधूक असला की ठिपका उडतो आणि ५० नगांचे ५ होतात. करारात हिजरी तारीख असेल तर शेजारी इंग्रजी तारीखही हवी. उजवीकडून वाचायच्या ओळीत इंग्रजी मॉडेल नंबर आला की कॉपी-पेस्ट करताना त्याचे तुकडे मागेपुढे होतात, तेही तपासून मिळावं.

दर मूळ अरबी शब्दांवर धरतात की इंग्रजी? अरबीत अव्ययं आणि सर्वनामं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे इंग्रजी शब्दसंख्या बरीच वाढते. हे आधी लेखी ठरलं नाही की बिलावरून वाद ठरलेलाच.

आधी २५०-३०० शब्दांचा नमुना करून घेऊ, त्याचे पैसे देऊ. आयएसओ १७१०० (अनुवाद सेवेचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे दुसऱ्या अनुवादकाकडून तपासणी करून देणारं कुणी माहीत आहे का? करारांसाठी ते हवंच आहे.