मदत हवी आहे : नाशिकमध्ये मुलाची केमो चालू आहे, इथे आपलं माणूस कोणी नाही

नमस्कार मंडळी,

माझ्या सहा वर्षांच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर आहे, एएलएल. आम्ही साक्री तालुक्यातले. चार महिने झाले, नाशिकला सिडकोत खोली घेऊन मी त्याच्याजवळ राहते. शेती आणि आजारी सासूबाई, म्हणून हे गावाकडेच असतात, पंधरा दिवसांनी येऊन जातात. उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसले. त्यामुळे हा धागा पैशासाठी नाही, माणसांसाठी आहे.

मोठी अडचण प्लेटलेटची. केमोनंतर रक्तपेशींचे काउंट पडले की एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेट, लागते. गावातली पोरं एका फोनवर निघतात हो, पण पिंपळनेरहून सटाण्यामार्गे यायलाच चार तास, मग तपासणी, मग मशीनवर दीडेक तास. प्लेटलेट पाच दिवसांवर टिकत नाहीत, आधी काढून ठेवायचीही सोय नाही. मागच्या वेळी त्याच्या नाकातलं रक्त थांबत नव्हतं आणि मी ब्लड बँकेच्या बाकावर बसून एकेकाला फोन लावत होते.

त्याचा गट बी पॉझिटिव्ह. नाशिकमध्येच राहणारे चार-पाच जण तयार असतील तर फार आधार होईल. वय 18 ते 60, वजन 50 किलोच्या वर, आणि आधीचे तीन दिवस अ‍ॅस्पिरिन घेतलेली नको. लाल पेशी परत अंगात सोडतात, म्हणून रक्तदानासारखं तीन महिने थांबावं लागत नाही.

दुसरं खोलीचं. आधीच्या घरमालकांनी त्याचं टक्कल पाहून "हे लागतं का?" विचारलं आणि आठ दिवसांत खोली सोडायला लावली. कॅन्सर लागत नाही. उलट काउंट खाली असताना आपल्या साध्या सर्दीची त्यालाच भीती. ताप 100.4 झाला की रात्री-अपरात्री दवाखाना गाठावा लागतो, म्हणून गावी राहता येत नाही. उपचार दोन-अडीच वर्षांचे, म्हणजे 2027 चा सिंहस्थही इथेच. तेव्हा गर्दीत खोली टिकेल का, रस्ते बंद असताना दवाखान्यात कसं पोचायचं, हे इथल्या लोकांनी सांगावं. मुंबईत दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरच्या पेशंटची सोय होते, तशी नाशिकमध्ये कुठे आहे का?

आणि एक. सिडको-सातपूरला आपले खानदेशी लोक भरपूर आहेत. तुमच्यापैकी कोणाचं लेकरू यातून बरं होऊन शाळेत जात असेल, तर त्याला घेऊन एकदा याल का? मास्क लावून दारातून बोललात तरी चालेल. माझा मुलगा घरी अहिराणीच बोलतो, इथे दिवसभर गप्प असतो. पाठीतल्या इंजेक्शनच्या आदल्या रात्री मला विचारतो, "हाई कोनले व्हयनं का?" (हे कोणाला झालंय का?) मला त्याला दाखवायला कोणीतरी हवं आहे.

इथे लिहा किंवा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पुढची केमो सोमवारी आहे. काउंट त्यानंतर आठवड्या-दहा दिवसांत पडतात, तोवर दोन दाते तरी ठरले पाहिजेत.