फ्रीडम पार्क : रविवारच्या फेरीआधी

ए-101 (सचिव): सर्वांना नमस्कार. येत्या रविवारी सोसायटीतील मुलांना घेऊन फ्रीडम पार्कला जाण्याचे नक्की झाले आहे. त्या जागेविषयी आधी थोडे लिहून देण्याचे सी-304 मधील काकांनी कबूल केले होते. ते त्यांनी इथेच लिहावे. तोपर्यंत सुप्रभातची चित्रे आवरावीत, ही सर्वांना विनंती.

सी-304: सचिव महोदय, आभार. बंगळूरमध्ये राहूनही आपल्यापैकी पुष्कळांनी ही बाग फक्त शेषाद्री रस्त्यावरून जाताना बसच्या खिडकीतून पाहिली असेल, म्हणून सुरुवात मुळापासून करतो. आज जिथे बाग आहे तिथे शंभराहून अधिक वर्षे बंगळूरचे मध्यवर्ती कारागृह होते. म्हैसूर संस्थानाचा कारभार इंग्रज आयुक्तांच्या हाती असताना, 1860 च्या दशकात, ते उभे राहिले. त्या वेळी गावाच्या कडेला असलेली ही जागा पुढे शहराच्या ऐन मध्यात आली, आणि 2000 मध्ये कैद्यांना परप्पन अग्रहार येथील नव्या तुरुंगात हलवल्यावर मॅजेस्टिक बसस्थानकापासून हाकेच्या अंतरावरची वीसेक एकर जमीन मोकळी झाली. अशा जमिनीचे आपल्याकडे सहसा काय होते, हे मी सांगायला नको. इथे मात्र बाग करण्याचे ठरले, आराखडा मॅथ्यू अँड घोष या वास्तुविशारद जोडीच्या संस्थेने केला आणि 2008 च्या नोव्हेंबरमध्ये ती लोकांसाठी उघडली.

बी-202: काका, माझ्या मुलीचा प्रश्न आहे की तुरुंग पाडला असेल तर तिथे पाहायचे काय, आणि पाडला नसेल तर त्याला बाग कसे म्हणायचे?

सी-304: मुलीने नेमके बोट ठेवले आहे. सगळा तुरुंग पाडला नाही आणि सगळा राखलाही नाही. काही बराकी, कोठड्या, जुन्या दगडी भिंतीचे भाग आणि मधोमध उभा असलेला गोल टेहळणी मनोरा एवढे ठेवले आणि बाकीच्या मोकळ्या जागेत हिरवळ व पायवाटा आल्या. आत गेल्यावर आधी त्या मनोऱ्यापाशी चला, कारण सगळ्या जागेची मांडणी तिथूनच उलगडते. चाकाच्या तुंब्यापासून आरे निघावेत तशा बराकी या मनोऱ्याभोवती होत्या. वर उभ्या असलेल्या एका पहारेकऱ्याला सगळीकडे नजर ठेवता यावी, आणि तो या क्षणी कुठे पाहतो आहे हे खालच्या कैद्याला कळू नये, म्हणजे कोणी पाहत नसतानाही त्याने पाहिले जात असल्यासारखेच वागावे, असा त्यामागचा हिशेब होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेरेमी बेंथम या इंग्रज विचारवंताने ही कल्पना मांडली. त्याचा स्वतःचा तुरुंग कधी उभा राहिला नाही, पण नजरेने धाक घालण्याची ती युक्ती पुढे जगभर पसरली.

डी-105: म्हणजे अंदमानसारखेच ना? आम्ही तिथे गेलो होतो तेव्हा मधल्या मनोऱ्यावरून खाली पाहिले होते.

सी-304: जवळचे आहे, तरी तेच नाही. अंदमानचे सेल्युलर जेल 1906 मध्ये पूर्ण झाले, म्हणजे बंगळूरच्या तुरुंगानंतर काही दशकांनी. तिथे मनोऱ्यातून सात पाखी, म्हणजे कोठड्यांच्या लांब इमारती, निघत होत्या आणि एकूण 698 कोठड्या होत्या. तिथली खरी खुबी अशी की प्रत्येक पाखीचे तोंड पुढच्या पाखीच्या पाठीकडे केले होते, त्यामुळे एका कैद्याला दुसरा दिसतच नसे. अंदमानात भर एकाकीपणावर होता. बंगळूरचा तुरुंग चोर, दरोडेखोर, कच्चे कैदी या सगळ्यांसाठीचा होता, त्यामुळे इथे माणसे बराकीत एकत्र राहत आणि धाक मुख्यतः मनोऱ्याचा असे. मुलांना दोन्हींतला हा फरक सांगता आला तर पाहावा.

ई-401: ताज्या इतिहासाचेही थोडे लिहा. आणीबाणीत मधू दंडवते याच तुरुंगात होते, असे आमचे वडील सांगत. आमचे गाव तेव्हाच्या राजापूर लोकसभा मतदारसंघात येत असे, त्यामुळे त्यांचे नाव घरात नेहमीचे.

सी-304: वडिलांचे बरोबर आहे. पक्षांतरबंदी विधेयकावरील संयुक्त समितीच्या कामासाठी काही खासदार बंगळूरला आले होते आणि आमदार निवासात उतरले होते. 26 जून 1975 च्या सकाळी त्यांना तिथूनच ताब्यात घेण्यात आले. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि आपले राजापूरचे दंडवते. दोन जनसंघाचे, एक संघटना काँग्रेसचे आणि एक समाजवादी, अशी एरवी एका पंगतीला न बसणारी मंडळी एका भिंतीआड आली. स्थानबद्धतेला त्यांनी कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिले. पण एप्रिल 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अर्जांचा मार्गच बंद केला. त्याच काळात प्रमिलाताई दंडवते येरवड्याच्या तुरुंगात होत्या. नवरा बंगळूरला, बायको पुण्याला, आणि मधे सेन्सॉरच्या हातून जाणारी पत्रे, असा या दांपत्याचा सुमारे दीड वर्षांचा संसार झाला. पुढे 1977 मध्ये दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली. रात्रीच्या गाडीने गावी जाताना आपल्या पाठीखाली जे असते त्याचे थोडे श्रेय या माणसाला आहे, एवढे मुलांना अवश्य सांगा.

ई-401: आणि स्नेहलता रेड्डी?

सी-304: त्यांच्याविषयी लिहिताना हात थोडा अडखळतो. कन्नड चित्रपट आणि रंगभूमीवरील ही अभिनेत्री, जॉर्ज फर्नांडिसांची सहकारी. मे 1976 मध्ये तिला बडोदा डायनामाइट प्रकरणात, म्हणजे आणीबाणीविरुद्ध स्फोट घडवण्याच्या कटाच्या आरोपात, पकडले आणि याच तुरुंगात सुमारे आठ महिने ठेवले. तिला दमा होता, उपचार धड झाले नाहीत, आणि प्रकृती हाताबाहेर गेल्यावर 15 जानेवारी 1977 रोजी सोडले, ती 20 जानेवारीला गेली. रात्रीच्या शांततेत तिच्या कोठडीतून किंकाळ्या ऐकू येत, असे दंडवत्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. माझे मत विचाराल तर या बागेत सर्वांत मोठी पाटी तिच्या नावाची हवी. कोठड्यांमध्ये कैद्यांचे पुतळे बसवले आहेत, ते मुलांना आवडतील. मला ते खटकतात, कारण रिकामी कोठडी त्यांच्याहून अधिक बोलते.

बी-202: वाचून मन जड झाले. तरी एक शंका विचारते. याच बागेत मोर्चे आणि उपोषणे होतात ना? रविवारी मुलांसह गर्दीत सापडायला नको.

सी-304: ताई, निदर्शनांसाठी आवारातच वेगळा भाग राखला आहे, आणि तो मूळ आराखड्याचाच भाग आहे, तुरुंगाच्या जागी लोकांना बोलायला मोकळी जागा मिळावी ही कल्पना मला आजही सुंदर वाटते.

डी-105: काका, इथे मात्र मी असहमत आहे. पूर्वी टाऊन हॉलसमोर किंवा म्हैसूर बँक चौकात लोक जमत, तेव्हा रस्त्याने जाणाऱ्याला निदान थांबून विचारावेसे वाटे की भांडण कशाचे आहे. वाहतुकीचे कारण पुढे करून 2021 च्या आदेशाने शहरातील सगळी निदर्शने याच एका आवारात नेली. आता अंगणवाडी सेविका तिथे दिवसभर बसल्या तरी पलीकडच्या चौकात कोणाला पत्ता लागत नाही. ज्या जागेची रचनाच माणसांना नजरेखाली ठेवण्यासाठी झाली, तिथेच नेमकी निदर्शने बसवावीत, हे मला काही सुंदर वाटत नाही.

सी-304: मोर्च्यामुळे रुग्णवाहिका अडकते तेव्हा चिडणाऱ्यांत मीही असतो, हे आधी कबूल करतो. पण तुमच्या म्हणण्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. वास्तुविशारदांनी एक जागा देऊ केली होती. ती एकमेव जागा होईल असे आराखड्यात कुठे होते? ‘सुंदर’ हा शब्द मी मागे घेतो, ‘कल्पना’ तेवढी ठेवतो.

ए-101 (सचिव): चर्चा उत्तम झाली, परंतु बस साडेसातला फाटकातून निघेल. बी-202 ताई, आपल्या मुलीला आधी मनोऱ्याकडे न्यावे की कोठड्यांकडे?

बी-202: तिला विचारले. ती म्हणते, आधी कोठडीत उभी राहून मनोरा दिसतो का ते पाहीन.