१२ नंबरचा बूट आणि रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चा गिअर लिव्हर, काय करू?

घाटवाट_नाशिक:
मंडळी, गाडी मस्त आहे पण माझा पाय १२ नंबरचा, त्यात रायडिंग बूट घातला की संपलंच. पुढच्या लिव्हरखाली बूट जात नाही आणि टाच कायम मागच्या लिव्हरवर. परवा कसारा घाट चढताना वळणावर नुसती टाच टेकली आणि सेकंडचा थर्ड पडला, गाडीचा दमच गेला, मागे भरलेला ट्रक होता, हातपाय थरथरायला लागले. बाहेरचा लांब लिव्हर बसवू का मागची बाजू ग्राइंडरने कापून टाकू?

पेठेतला_रायडर:
कापू नको रे बाबा. टाचेची बाजू गेली की वरचे गिअर बोटांनीच उचलायचे आणि तुझा बूट तर पुढे खाली जातच नाहीये, मग करणार काय? फक्त पुढचा टो शिफ्टर घे, लांबी ॲडजस्ट होणारा आणि टोक फोल्ड होणारं, गाडी पडली तर टोक दुमडतं, लिव्हर ज्यावर बसतो त्या गिअरच्या शाफ्टवर मार बसत नाही. आम्ही पुण्यात नाना पेठेत जुना लिव्हर सोबत नेऊन स्प्लाइन (शाफ्टवर बसणारे आतले दात) जुळवूनच घेतो.

जुना_फिटर:
आधी माप घे. बूट घालून गाडीवर बस, कोणाला तरी गाडी सरळ धरायला सांग, आणि फूटपेगच्या मधून लिव्हरच्या रबरापर्यंत टेप लाव. मग बुटाचं टोक खाली सहज सरकेल एवढं अंतर बघ, माझ्या ११ नंबरला अडीच सेंटीमीटर वाढवावं लागलं. बसवताना बोल्ट नुसता ढिला करून लिव्हर ओढू नको, पूर्ण काढ, बहुतेक गाड्यांत तो शाफ्टच्या खाचेतून जातो. उंची बदलायची तर लिव्हर स्प्लाइनवर एक दात वर-खाली कर, लिंकेज (लिव्हर आणि शाफ्ट जोडणारा रॉड) असेल तर तो रॉड फिरव, पण त्याच्या एका बाजूचे आटे उलटे असतात म्हणून दोन्ही टोकांचे लॉकनट (रॉड जागेवर धरणारे नट) आधी सोड. मी एकदा बोल्ट अर्धवट आवळून निघालो, दीडशे किलोमीटरवर लिव्हर शाफ्टवर गरगर फिरायला लागला, काढून बघितलं तर दात चपटे, आतून चमकणारी पावडर सांडली. बोल्ट ढिला होऊ नये म्हणून आट्यांना निळं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा गोंद) लाव आणि १०० किलोमीटरनंतर परत आवळ.

सह्याद्री_३५०:
उजवी बाजू विसरू नको, मोठ्या बुटाला ब्रेक पेडलही उंच पडतं, पाय नकळत दाबलेला राहतो. पेडल खाली घेतलंस तर थोडा फ्री प्ले (ब्रेक लागायच्या आधीची पेडलची मोकळी चाल) ठेवच. माझा राहिला नव्हता, पॅड घासत राहिले आणि डिस्कजवळ हात नेला तरी चटका बसत होता. आणि मागचा ब्रेक लाइट कधी पेटतो ते भिंतीसमोर गाडी लावून बघ, स्विच परत सेट करावा लागतो.

घाटवाट_नाशिक:
खूप आभार सगळ्यांचे. आत्ता बूट घालून मोजलं, मला तीन सेंटीमीटर कमी पडतंय. ब्रेक लाइट पण बघितला, पेडलवर पाय नुसता ठेवला तरी पेटतोय, म्हणजे इतके दिवस मागच्या गाड्यांना उगाच लाल दिवा दिसत होता. रविवारी लिव्हर घेतो, मेन स्टँडवर लावून सगळे गिअर टाकून बघतो मगच रस्त्यावर.